आइस हॉकीच्या गोलकीपरांच्या कारकिर्दी एवढ्या वेड्यावाकड्या का?

रोलरवाला_मामा (इंदूर)

मंडळी, एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडाची आइस हॉकी लीग, पाहायला पहाटे उठणारे इंदुरात फार नसावेत, पण जे आहेत ते या गटात सापडतात असं दिसतंय. म्हणून प्रश्न इथेच टाकतो.

भाची रोलर हॉकीत गोल सांभाळते. तिने आइस हॉकीच्या नामांकित गोलकीपरांचा एक तक्ता केलाय: ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात) कितवा, जम कितव्या वर्षी बसला, शेवटचा सामना कधी. त्यातून काही म्हणता काही सूत्र निघेना. २००० च्या ड्राफ्टमध्ये रिक डिपिएट्रो पहिला आणि हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा. टिकला कोण, तर लुंडक्विस्ट. टिम थॉमसचा एनएचएलमध्ये जम बसला तोच ३१ व्या वर्षी, आणि ३७ व्या वर्षी त्याने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. जिम कॅरीला १९९६ मध्ये सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी, आणि तीन वर्षांत गडी खेळातूनच बाहेर. फॉरवर्ड लोकांचं असं होत नाही. पहिल्या पाचात निवडलेला पोरगा सहसा खेळतोच.

हे नशीब, निवडणाऱ्यांचं अज्ञान, की त्या जागेचाच काही गुण? एनएचएल नाही मिळालं तर हे लोक खातात काय? आणि रोलरवरून किंवा आपल्या मैदानी हॉकीतून कुणी बर्फावर गेलं तर नक्की काय बदलतं? भाची खोलात विचारते, तेव्हा हात राखून उत्तरं देऊ नका.

निळी_रेघ

मामा, आधी जागा मोजा. एनएचएलमध्ये ३२ संघ. सामन्याला प्रत्येक संघ १२ फॉरवर्ड, ६ डिफेन्स आणि २ गोलकीपर घेऊन उतरतो, आणि त्या दोघांतला एक बाकावर बसतो. म्हणजे अख्ख्या लीगमध्ये गोलकीपरच्या नोकऱ्या ६४, त्यातले खरे खेळणारे तीसेक. नवख्या फॉरवर्डला चौथ्या फळीत टाकून सामन्याला आठ-दहा मिनिटं देता येतात. चुकला तर मागे सावरायला कुणीतरी असतं. गोलकीपरला असं थोडंथोडं खेळवता येत नाही. आपल्याकडे विकेटकीपरचं हेच आहे. उज्जैनच्या नमन ओझाने मध्य प्रदेशासाठी वर्षानुवर्षं धावा केल्या, झेल घेतले आणि कसोटी खेळला एक, २०१५ मध्ये कोलंबोला, तीही साहा जखमी झाला म्हणून.

आता शिडी. ड्राफ्ट होतो १८ व्या वर्षी. गोलकीपर पिकतो २३ ते २६ च्या दरम्यान. मधली पाच-सात वर्षं तो कुठे काढतो, त्यावर सगळं ठरतं. कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये २० व्या वर्षापर्यंत खेळता येतं. अमेरिकन विद्यापीठात गेला तर २२-२४ पर्यंत. सामने कमी, सराव आणि व्यायाम जास्त, आणि उशिरा पिकणाऱ्याला तेच मानवतं. युरोपातला पोरगा आपल्याच क्लबात मोठ्या माणसांबरोबर खेळतो. त्यानंतर करार, आणि तो बहुधा दुहेरी असतो: एनएचएलमध्ये असलास तर हा पगार, खालच्या एएचएलमध्ये असलास तर तो. एनएचएलचा किमान पगार २०२५-२६ मध्ये वर्षाला ७,७५,००० डॉलर आहे. खालचा आकडा त्याच्या एका लहानशा तुकड्याएवढा. त्याच्याही खाली ईसीएचएल, तिथे पगार आठवड्याच्या हिशेबाने आणि राहायची जागा क्लबकडून.

क्लबच्या हातात एका वेळी पाच-सहा गोलकीपर असतात: दोन वर, दोन एएचएलला, एखाद-दोन ईसीएचएलला किंवा अजून शिकत असलेले. वरच्याची मांडी आखडली की सगळी रांग एक पायरी वर सरकते. तो बरा झाला की परत खाली. पण खाली पाठवायलाही नियम आहे, वेव्हर्सचा. खेळाडूला खाली पाठवण्याआधी २४ तास इतर सगळ्या क्लबांपुढे ठेवावं लागतं. ज्याला हवा तो त्याच करारावर उचलून नेतो. १८ व्या वर्षी करार केलेल्या गोलकीपरला यातून सहा वर्षं किंवा एनएचएलचे ८० सामने, जे आधी होईल तिथपर्यंत सूट असते. त्यामुळे गंमत अशी होते की सूट असलेला चांगला पोरगा खाली अडकतो, आणि सूट संपलेला मध्यम माणूस ‘पाठवला तर हातचा जाईल’ या भीतीने वर बसून राहतो. तक्त्यात वय आणि दर्जा जुळत नाहीत, त्याचं निम्मं कारण हा कागदी कारभार आहे.

थॉमसचंच घ्या. १९९४ मध्ये २१७ वा निवडला गेला, व्हरमाँट विद्यापीठात खेळला, मग अमेरिकेतल्या खालच्या लीग, फिनलंड, स्वीडन, परत फिनलंड. बॉस्टनमध्ये कायमची जागा २००५-०६ मध्ये. मग २००९ आणि २०११ ची व्हेझिना, आणि २०११ मध्ये कपाबरोबर प्लेऑफचा, म्हणजे कपासाठीच्या अंतिम फेऱ्यांचा, सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्मिथ ट्रॉफी. इतक्या वयाचा विजेता त्या ट्रॉफीला आधी मिळाला नव्हता.

जॉर्डन बिनिंग्टनचं प्रकरण तर कागदी कारभाराचंच. सेंट लुइसने २०११ मध्ये ८८ वा घेतला. २०१७-१८ मध्ये सेंट लुइसला स्वतःचा असा एएचएल संघच नव्हता, म्हणून त्याला बॉस्टनच्या खालच्या संघात, प्रॉव्हिडन्सला, उसना धाडला. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला सेंट लुइस अख्ख्या लीगमध्ये तळाला. ७ जानेवारीला त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं, त्याने फिलाडेल्फियाला एकही गोल करू दिला नाही, आणि जूनमध्ये कप त्याच्या हातात होता, तोही बॉस्टनला बॉस्टनमध्येच हरवून. वरच्या दोघांपैकी कुणी ठीकठाक खेळत असता, तर तो आज युरोपात कुठेतरी दिसला असता.

एक गोष्ट मात्र सुधारली आहे. पूर्वी पहिल्या गोलकीपरला पार पिळून काढत. ग्रँट फ्युरने १९९५-९६ मध्ये ७९ सामने खेळले. ग्लेन हॉल १९५५ ते १९६२ या काळात सलग ५०२ सामने पूर्ण खेळला, तेही मुखवट्याशिवाय. आता पहिला ५०-६० खेळतो, लागोपाठच्या दोन रात्रींपैकी एक रात्र दुसऱ्याची. त्यामुळे दुसऱ्याला निदान गंज चढत नाही.

सरासरी_९१०

निळी_रेघ यांनी जागांचं सांगितलं, मी आकड्यांचं सांगतो. भाचीने तक्ता केला आहे तर हे तिला आवडेल.

गोलकीपर मोजतात सेव्ह टक्केवारीने: आलेल्या शॉटपैकी किती अडवले. एनएचएलमध्ये चांगला आणि नोकरी गमावणारा यांत फरक असतो हजारी १० ते १५ चा. समजा एकाची खरी कुवत .९०५, म्हणजे हजारात ९०५ शॉट अडवण्याची, आहे. दुसरा गोलकीपर म्हणून हंगामात २० सामने मिळाले, सामन्याला ३० शॉट, म्हणजे ६०० शॉट. अपेक्षित गोल ५७. निव्वळ योगायोगाने होणारी चढउतार काढायची तर ६०० × .९०५ × .०९५ चं वर्गमूळ घ्या, साधारण ७ येतं. म्हणजे तोच माणूस, तोच खेळ, पण एका हंगामात ५० गोल खाईल तर टक्केवारी .९१७ आणि ६४ खाईल तर .८९३. पहिल्या आकड्यावर तीन वर्षांचा करार मिळतो, दुसऱ्यावर ईसीएचएलचं तिकीट. आणि यात अनहोनी काही नाही. दर तीन हंगामांत एकदा याहूनही बाहेरचा आकडा येणार.

हंगामभर ६० सामने खेळणाऱ्याचे शॉट होतात १८००, तिथे चढउतार हजारी ७ वर येते. तीही कमी नाही. म्हणून एका हंगामाच्या कामगिरीवर कुणी मोठा करार केला की समजावं, धोका पत्करला.

अँड्र्यू हॅमंड हे याचं ठळक उदाहरण. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलेलाही नव्हता. २०१४-१५ मध्ये ऑटवाचे दोन्ही गोलकीपर जायबंदी झाले म्हणून आला आणि २० विजय, १ पराभव, २ जादा वेळेतले पराभव, टक्केवारी .९४१. इतकी टक्केवारी कुणीच कायम टिकवू शकत नाही; पुढे तो कोलोरॅडो, मिनेसोटा असा फिरत राहिला. जिम कॅरीच्या मागे त्या दोन वर्षांत वॉशिंग्टनचा घट्ट बचाव होता. तो गेल्यावर आकडा खाली आला, आकड्याबरोबर प्रशिक्षकाचा विश्वास, आणि पंचविशीत कारकीर्द आटोपली.

दोन सूचना. एक, वेगवेगळ्या संघांच्या गोलकीपरांची टक्केवारी सरळ ताडून पाहू नका. एकाच संघातल्या दोघांची पाहा, बचाव सारखा असतो. दोन, शॉट कुठून आला ते पाहा. दूरच्या निळ्या रेषेवरून, मोकळ्या नजरेसमोर आलेला शॉट आणि गोलासमोर आडव्या पासवर मारलेला शॉट हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हल्ली ‘अपेक्षेपेक्षा किती गोल वाचवले’ असा आकडा काढतात, तो याच कारणासाठी.

निळी_रेघ

हिशेब मान्य, पण सगळंच पाण्यात सोडू नका. डोमिनिक हाशेकला १९९४ ते २००१ या आठ हंगामांत सहा व्हेझिना मिळाल्या, आणि १९९७ व १९९८ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी. हा योगायोग नव्हे. तरी शिकागोने १९८३ मध्ये त्याला घेतला तो १९९ वा, तो तिकडे आला १९९० मध्ये, आणि १९९२ मध्ये त्यांनी त्याला बफेलोला देऊन टाकला, कारण एड बेलफोर आधीच जागेवर होता. आणि बेलफोर? त्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. एका वेळी जगातले दोन उत्तम गोलकीपर एकाच क्लबात, दोघेही निवडणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले किंवा सुटता सुटता राहिलेले, आणि जागा एक.

डिपिएट्रोनंतर पहिल्या क्रमांकावर निवडलेला गोलकीपर एकच, २००३ चा मार्क-आंद्रे फ्लरी. तो २०२५ पर्यंत खेळला आणि विजयांच्या यादीत ५७५ सह दुसरा आहे. पहिला मार्टिन ब्रोडर, ६९१. तेव्हा पहिला निवडणं चूकच असतं असंही नाही. पण क्लब आता पहिल्या फेरीत गोलकीपर घ्यायला कचरतात, चौथ्या-पाचव्या फेरीत घेऊन वाट पाहतात. कॉनर हेलेबक १३० वा, इगोर शेस्टर्किन ११८ वा. सर्गेई बोब्रोव्स्कीला तर कुणी घेतलंच नव्हतं. दोन व्हेझिना आणि फ्लोरिडाबरोबर २०२४, २०२५ चे कप.

क्रीजमधली

शरीराचं कुणी बोललं नाही, आणि कारकीर्द संपते ती बहुधा तिथेच.

गोल ६ फूट रुंद, ४ फूट उंच. निळी रेषा गोलरेषेपासून ६४ फुटांवर. तिथून ताशी १६० किलोमीटरने निघालेला पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, पोचायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. समोरून वीस फुटांवरून ताशी १३० ने मारला तर सेकंदाचा सहावा हिस्सा. एवढ्यात पाहून हालचाल करणं शक्य नाही. म्हणून गोलकीपरचं काम शॉटच्या आधी संपलेलं असतं: कोनात बसणं, दोन पावलं पुढे येऊन गोल झाकणं, मारणाऱ्याच्या काठीचं पातं वाचणं. मग गुडघे बर्फावर टाकून पाय दोन्ही बाजूंना पसरणं, म्हणजे बटरफ्लाय, कारण बरेचसे शॉट खाली येतात आणि पॅडची भिंत तिथेच लागते. पॅट्रिक रॉयपासून ही पद्धत सार्वत्रिक झाली.

या बटरफ्लायची किंमत नितंबाच्या सांध्याला मोजावी लागते. गुडघा आत, पाऊल बाहेर, म्हणजे मांडीचं हाड खोबणीत आतल्या बाजूला पूर्ण वळतं. ज्याच्या हाडाची मान थोडी जाड आहे त्याचं हाड खोबणीच्या काठावर आपटतं. सरावात रोज शंभर-दोनशे वेळा हे झालं की काठाची कुर्ची फाटते. लक्षण जांघेत दुखण्याचं, म्हणून पुष्कळदा ‘स्नायू ताणला’ समजून महिनोन्‌महिने चुकीचे उपचार होतात. शस्त्रक्रियेनंतर परतायला अर्धं वर्ष सहज जातं. गुडघ्याचंही तेच. कॅरी प्राइसला २०१५ मध्ये हार्ट आणि व्हेझिना दोन्ही मिळाल्या, ८ वर्षांचा ८ कोटी ४० लाख डॉलरचा करार झाला, आणि गुडघ्यामुळे शेवटचा सामना एप्रिल २०२२ मध्ये. पगार कराराप्रमाणे चालू राहतो. त्याला दीर्घ दुखापतीच्या यादीत टाकून क्लबला संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत सवलत मिळते, म्हणून अशा खेळाडूची निवृत्ती कागदोपत्री वर्षानुवर्षं होत नाही. भाचीच्या तक्त्यात ‘शेवटचा सामना’ आणि ‘निवृत्ती’ असे दोन वेगळे रकाने हवेत. लुंडक्विस्टचं हृदयाचं निदान २०२० च्या शेवटी झालं, वॉशिंग्टनशी करार केल्यानंतर. त्या संघासाठी तो एकही सामना खेळू शकला नाही.

डिपिएट्रोलाही दुखापतींनीच संपवलं: नितंब, गुडघा. १५ वर्षांचा करार २००६ मध्ये झाला, क्लबने २०१३ मध्ये तो मोडला, आणि ठरलेले वर्षाला १५ लाख डॉलर त्याला २०२९ पर्यंत मिळत राहणार आहेत.

लीग बदलली की आणखी एक अडचण. उत्तर अमेरिकेत रिंक ८५ फूट रुंद, युरोपातले जुने रिंक जवळपास ३० मीटर, म्हणजे बारा-तेरा फुटांनी जास्त. रुंद बर्फावर पास लांबून आडवा येतो, म्हणून गोलकीपर गोलाच्या जवळ, खोल राहतो. अरुंद बर्फावर तसाच खोल राहिला तर शॉट लवकर येतो, समोर माणसांची गर्दी असते, आणि वरचे कोपरे उघडे पडतात. युरोपात गाजलेला माणूस पहिल्या हंगामात तिकडे का अडखळतो, तर बहुधा खोल राहण्याच्या या तीन-चार फुटांमुळे. ज्या क्लबात चांगला गोलकीपिंग कोच असतो तिथे हे दोन महिन्यांत सुटतं, नाही तर परतीचं विमान.

दुसरी चूक खांबाजवळची. पक गोलरेषेच्या मागे किंवा अगदी बाजूला असताना खांबाकडचा पाय बर्फावर आडवा आणि लांबचा पाय उभा ठेवून खांबाला टेकतात, याला आरव्हीएच म्हणतात. खाली भोक राहत नाही. पण खांबाकडच्या खांद्याच्या वर, कानापाशी, एक फट राहते आणि हल्लीचे मारणारे तीच हेरतात. सवयीने, शॉट दूर असतानाही जो या बसकणीत जातो, त्याचे गोल तिथूनच होतात.

रोलरवाला_मामा

ताई, फार उपकार. दोन रकाने वाढवायला लावले आहेत, आणि ‘जायबंदी वरचा गोलकीपर कोण’ असा तिसरा तिनेच घातला. एक राहिलं: ज्यांचं जमत नाही ते करतात काय? आणि तो बर्फ साफ करणारा माणूस एनएचएलचा सामना जिंकला, ही थाप की खरं?

महूकर

खरं आहे, मामा. २२ फेब्रुवारी २०२०, टोरंटो विरुद्ध कॅरोलायना. कॅरोलायनाचे दोन्ही गोलकीपर एकाच सामन्यात जखमी. यजमान संघाने दोन्ही बाजूंसाठी एक आणीबाणीचा गोलकीपर स्टेडियमवर हजर ठेवायचा, असा तेव्हाचा नियम. तो होता डेव्हिड एअर्स, वय ४२, रिंकच्या इमारतीची देखभाल करणारा आणि बर्फाचं यंत्र चालवणारा. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेलं. पहिले दोन शॉट आत गेले, पुढचे आठही अडवले, सामना ६-३ ने कॅरोलायनाने जिंकला. मानधन ५०० डॉलर आणि अंगातली जर्सी. त्याआधी मार्च २०१८ मध्ये शिकागोला स्कॉट फॉस्टर नावाचा अकाउंटंट असाच उतरला, १४ मिनिटं, सात शॉट, एकही गोल नाही. कॅरोलायनाच्या खेळाडूंनी त्या अठ्ठावीसेक मिनिटांत टोरंटोला शॉटच मारू दिले नाहीत, हे मात्र लक्षात घ्या. एअर्सचा विजय निम्मा बचावाचा आहे.

खेळातून बाहेर पडलेल्यांचं म्हणाल तर गोलकीपर व्यवस्थापनात पुष्कळ दिसतात. साठ मिनिटं समोर सगळा खेळ उलगडताना पाहायची सवय, हे कारण सांगतात. मला ते पूर्ण पटत नाही, कारण अपयशी उदाहरणंही तेवढीच आहेत. जिम रदरफर्ड साधारण दर्जाचा गोलकीपर, पण जनरल मॅनेजर म्हणून २००६ मध्ये कॅरोलायना आणि २०१६, २०१७ मध्ये पिट्सबर्गला कप मिळवून दिला. गार्थ स्नो जुलै २००६ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सचा राखीव गोलकीपर होता, निवृत्त होऊन थेट त्याच क्लबचा जनरल मॅनेजर झाला, आणि दोन महिन्यांत डिपिएट्रोला ते १५ वर्षं देऊन बसला.

केन ड्रायडनची कारकीर्द तर सगळ्या नियमांना अपवाद. कॉर्नेल विद्यापीठातून आला, १९७१ मध्ये नियमित हंगामाचे फक्त सहा सामने खेळून प्लेऑफमध्ये उभा राहिला, माँट्रिऑलला कप आणि स्वतःला कॉन स्मिथ ट्रॉफी. पुढच्या वर्षी नवोदितांची काल्डर! १९७३-७४ चा अख्खा हंगाम सोडून टोरंटोला वकिलीची उमेदवारी केली, पगारावरून क्लबशी पटलं नव्हतं म्हणून. परत आला, एकूण सहा कप, आणि ३१ व्या वर्षी, शिखरावर असताना बंद. २००४ ला खासदार आणि कॅनडाचा मंत्री. २०२५ मध्ये वारला.

व्लादिस्लाव त्रेत्याक एनएचएलमध्ये एकही सामना न खेळता १९८९ मध्ये टोरंटोच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. तीन ऑलिंपिक सुवर्णं, १९७२, १९७६, १९८४. माँट्रिऑलने १९८३ मध्ये त्याचं नाव ड्राफ्टमध्ये घेतलं, सोव्हिएत सरकारने सोडलं नाही. भाचीच्या तक्त्यात हा बसतच नसेल.

बायकांमध्ये मॅनॉन रिओम १९९२ मध्ये टॅम्पा बेकडून सेंट लुइसविरुद्ध सराव सामन्यात एक सत्र खेळली; एनएचएल संघाकडून उतरलेली ती पहिली स्त्री. मग काही वर्षं पुरुषांच्या खालच्या लीगमध्ये, आणि १९९८ ला ऑलिंपिक रौप्य. बायकांची पगारी लीग, पीडब्ल्यूएचएल, २०२४ च्या जानेवारीत सहा संघांनी सुरू झाली आणि २०२५-२६ मध्ये आठ झाले. तिथलं जागांचं गणित एनएचएलहून अवघड. भारताच्या महिला संघाची गोलकीपर लडाखची नूर जहाँ. तिचा दुसरा व्यवसाय जुन्या कलावस्तू-चित्रांच्या जतनाचा. आपल्या महिला संघाने २०२५ मध्ये आशिया कपात कांस्य जिंकलं ते अशा दुहेरी आयुष्यांवर.

आणि गोलकीपरचं उत्तरायुष्य पाहायला टोरंटो कशाला? इंदूरजवळच्या आमच्या महूचे शंकर लक्ष्मण, भारताच्या मैदानी हॉकी संघाचे गोलकीपर. १९५६, १९६०, १९६४, तीन ऑलिंपिक अंतिम सामने, तिन्ही पाकिस्तानशी. दोन सुवर्णं, एक रौप्य. १९६६ च्या बँकॉक एशियाडला कर्णधार, सुवर्ण. पुढे संघातून वगळले आणि २००६ मध्ये महूलाच, पायाला गँगरीन होऊन, हलाखीत गेले. मीर रंजन नेगी १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सात गोल खाऊन बदनाम झाले आणि १९९८ च्या सुवर्णविजेत्या संघाचे गोलकीपिंग कोच होते. निळी_रेघ यांची शिडी यातल्या कुणालाच नव्हती: ना दुहेरी करार, ना दुखापतीत पगार.

निळी_रेघ

युरोपचं राहून गेलं, थोडक्यात. स्वीडन, फिनलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, चेक, स्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया, ब्रिटन. एएचएलमध्ये २८ पर्यंत काही झालं नाही की लोक इकडे वळतात. क्लब बहुधा घर देतो. पण परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात. स्वित्झर्लंडमध्ये क्लब त्या गोल करणाऱ्यांवर खर्च करतात आणि गोलकीपर शक्यतो स्विस ठेवतात. ब्रिटनमध्ये उलट. तेव्हा ‘युरोपात जाईन’ हे ठरवताना देश आधी पाहावा लागतो.

क्रीजमधली

मामा, भाचीसाठी शेवटचा भाग, बर्फावर काय बदलतं तो.

मैदानी हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद, २.१४ उंच. आइस हॉकीचा १.८३ आणि १.२२. क्षेत्रफळ जवळपास साडेतीन पटीने कमी. चेंडू आणि पक यांचं वजन मात्र सारखंच, १६० ग्रॅमच्या आसपास. मैदानावर गोलकीपर चेंडू पायाने दूर लाथाडतो. बर्फावर पक अंगाशी घेऊन दाबायचा किंवा काठीने कोपऱ्यात वळवायचा. पॅडला लागून समोर पडला की दुसरा शॉट तयारच. मैदानातून आलेल्यांचा पाय आधी पुढे जातो, ती सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

रोलरवर अडचण वेगळी. चाकांवर आडवं घसरता येत नाही, म्हणून गुडघ्यांवरून ढकलून सरकणं तिला येणार नाही. बर्फावर पहिले काही तास पकच नको. आधी शफल, म्हणजे चवडे समोर ठेवून छोटी आडवी पावलं. मग टी-पुश: ज्या खांबाकडे जायचं त्या दिशेला एक पाऊल वळवून दुसऱ्याने ढकलायचं आणि दोन्ही पात्यांवर थांबायचं. मग बटरफ्लाय. मग उठणं: उजवीकडे जायचं तर डावा पाय आधी उचलून त्याच्या आतल्या कडेवर जोर द्यायचा. बहुतेक नवशिके नेमका उलटा पाय उचलतात आणि जागीच फिरतात. उठताना हातमोजा खाली पडतो, तो आरशासमोर सुधारता येतो, त्याला बर्फ लागत नाही.

इंदुरात बसून करण्यासारखं: टेनिसचा चेंडू भिंतीवर मारून एका हाताने झेलणं, सांध्याची हालचाल एखाद्या क्रीडा फिजिओकडून मोजून घेणं, आणि गुडघे फरशीवर आपटून बटरफ्लायचा सराव न करणं. वाढत्या वयात तर नाहीच. पॅड घ्याल तेव्हा उंचीवर नाही, गुडघ्याच्या मध्यावर जुळवा. गुडघा त्याच्या गादीतून बाहेर आला की पॅड आत वळत नाही आणि दोन पायांमध्ये भोक राहतं.

बर्फ लेहला हिवाळ्यात, साधारण डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी, आणि डेहराडूनच्या बंदिस्त रिंकवर.

रोलरवाला_मामा

स्केट कुठले? खेळाडूचे साधे चालतील का, सुरुवातीला?

क्रीजमधली

पहिल्या खेपेला चालतील, पुढे नाही. साध्या स्केटचं पातं पुढे-मागे गोलाईचं, त्यावर गोलकीपर बसकणीत डुलतो. गोलकीपरचं पातं लांब, जवळपास सपाट आणि बहुधा ४ मिलिमीटर जाड. बूटाची बाजू पक लागला तरी न चेपणारी. धार लावताना पोकळी ५/८ इंचाची सांगा (हा गोलाईच्या त्रिज्येचा आकडा, तो जितका लहान तितकी पोकळी खोल). त्याहून खोल केली तर पकड वाढते, पण शफल करताना पातं अडकून ती तोंडावर पडेल. पकड कमी वाटू लागली की मग १/२ इंचावर या.